मधुमेहाचं निदान झाल्यावर काय, कधी, कसं करावं: आहार, घरगुती उपाय आणि तपासण्यांची क्रमवार माहिती

मधुमेहाचं निदान झालं की पहिल्याच आठवड्यात सल्ल्यांचा ढीग जमतो. कुणी भात कायमचा बंद करायला सांगतं, कुणी कारल्याचा रस सुरू करायला. गोळी एकदा लागली की आयुष्यभर लागते, तेव्हा ती घेऊच नका, असंही कुणीतरी बजावतं. मला टाइप २ मधुमेह आहे आणि या गोंधळातून मी गेलेय, म्हणून ज्या क्रमाने गोष्टी हाती घेतल्या तर डोकं शांत राहतं तो क्रम इथे लिहितेय.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मोजणं. एखादा पदार्थ, एखादा काढा किंवा जेवणानंतरची फेरी तुमच्या शरीरात काय करते हे दुसऱ्याच्या अनुभवावरून कळत नाही. ते तुमच्या रक्तातल्या आकड्यावरून कळतं.

हा लेख टाइप २ मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रौढांसाठी आहे. टाइप १ मध्ये इन्सुलिन हेच जगण्याचं साधन असतं, ते कुठल्याही आहाराने किंवा औषधी वनस्पतीने बदलता येत नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचं गणितही वेगळं असतं. तिथे डॉक्टरांचंच ऐका.

१. आधी रिपोर्ट नीट वाचा

निदानासाठी वापरले जाणारे आकडे असे आहेत. किमान ८ तास काही न खाता केलेल्या तपासणीत शुगर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी (HbA1c) ६.५ टक्के किंवा जास्त. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर त्याला पूर्वमधुमेह म्हणतात. लक्षणं काहीच नसताना एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. ती झाली नसेल तर मागून घ्या. काही ठिकाणी रिपोर्ट मिलिमोलमध्ये येतो. त्या आकड्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅमचा आकडा मिळतो.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे या तपासणीत दिसतं. ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ टक्के म्हणजे १८३. इथे एक अडचण फार जणांच्या लक्षात येत नाही. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा थॅलॅसिमिया, सिकलसेल यांसारखा हिमोग्लोबिनचा आजार असेल तरी तो फसवतो. म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच एचबीएवनसी वाचा.

आणखी एक. वजन झपाट्याने उतरत असेल, तहान भागतच नसेल, उलट्या होत असतील किंवा श्वासाला फळासारखा गोडसर वास येत असेल, तर आहार-व्यायामाचे प्रयोग करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. टाइप १ मोठ्या वयातही सुरू होऊ शकतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनी शुगर चढते.

२. हाताशी काय असावं

- ग्लुकोमीटर, त्याच्याच स्ट्रिप, लॅन्सेट (टोचायच्या बारीक सुया) आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड झाकणाचा डबा
- एक वही, मोबाइलमध्ये नोंदी ठेवत असलात तरीही
- घरचं रक्तदाब मोजायचं यंत्र, दंडावर पट्टा बांधायचं
- वजनकाटा आणि कंबर मोजायची टेप
- ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर (कशासाठी ते पुढे येईल)
- एक फाइल: सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, सध्याच्या सगळ्या औषधांची यादी, त्यात जीवनसत्त्वं, चूर्णं, काढे हेही, आणि घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे याची नोंद

३. बोट टोचायची पद्धत

हे सोपं वाटतं, पण चुकीचे आकडे बहुतेक वेळा इथेच जन्माला येतात. हात साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. नुकतंच फळ सोललं असेल तर बोटावरचा रससुद्धा आकडा बराच वर नेतो, आणि ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. बोटाच्या शेंड्यावर मधोमध टोचू नका. तिथे मज्जातंतूंची टोकं दाट असतात. कडेला टोचा, दुखतं कमी. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून थोडा हलवा आणि तळव्याकडून बोटाकडे हलकं चोळत आणा. शेंडा जोरात पिळू नका. थेंब स्ट्रिपच्या कडेला टेकवला की ती स्वतःच ओढून घेते. रोज बोट बदला आणि दरवेळी नवी सुई घ्या.

स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा. दमट हवेने त्या खराब होतात. मुदत संपलेल्या स्ट्रिप वापरू नका.

घरचं यंत्र आणि लॅबचा आकडा तंतोतंत जुळणार नाही. यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातच साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यामुळे १३२ आणि १३८ यांत फरक शोधत बसू नका. आठवडाभराचा कल बघा.

४. ताटाची मांडणी बदला

नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी कॅलरी मोजायला बसू नये, असं माझं ठाम मत आहे. दमछाक होते आणि महिन्याभरात सगळं सुटतं. साधारण ९ इंचाचं ताट घ्या. अर्ध्या ताटात पालेभाज्या, फळभाज्या, सॅलड. पाव भागात प्रथिनं: डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन, पनीर किंवा टोफू. उरलेल्या पाव भागात धान्य. बटाटा, रताळं, मका हे भाजीच्या अर्ध्यात मोजायचे नाहीत. ते धान्याच्या पावात जातात.

सुरुवात कुठून करायची असेल तर पेयांपासून करा. साखरेचा चहा-कॉफी, सरबतं, कोल्ड्रिंक आणि फळांचे रस. द्रव साखर पोटात थांबत नाही, सरळ रक्तात उतरते. फळ मात्र अख्खं, चावून खा. त्यातल्या तंतूंमुळे साखर हळू शोषली जाते. रस काढला की तो फायदा जातो.

जेवणाचा क्रमही कामाचा आहे. आधी भाजी आणि सॅलड, मग डाळ किंवा अंडी-मासे, आणि भात-पोळी शेवटी. तेच अन्न, तेवढंच अन्न, पण या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते असं अभ्यासांत दिसलंय. यासाठी वेगळं काही शिजवावं लागत नाही म्हणून मला हा उपाय फार आवडतो.

तंतुमय पदार्थ दिवसाला किमान २५ ग्रॅम पोटात जावेत. एकदम वाढवलेत तर पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसं प्या. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमी, कारण मधुमेहासोबत बऱ्याचदा उच्च रक्तदाबही येतो. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारा.

फसगत होते ती अशा ठिकाणी:

साखरेऐवजी मध, गूळ किंवा ब्राउन शुगर घेणं. रक्तात गेल्यावर यांत फारसा फरक उरत नाही.

"साखर घातलेली नाही" असं लिहिलेलं पाकीट. मागच्या बाजूला एकूण कर्बोदकांची (कार्बोहायड्रेट) ओळ वाचा आणि तो आकडा किती ग्रॅमसाठी दिलाय तेही बघा. मैद्याच्या बिस्किटात साखर नसली तरी मैदा आहेच.

"हे धान्य मधुमेहाला चांगलं" म्हणून दुप्पट खाणं. अख्खं, जाडसर धान्य बारीक पिठापेक्षा हळू पचतं हे खरं, पण प्रमाण वाढलं की तो फायदा धुऊन जातो.

जेवण गाळणं. त्यातही गोळी घेऊन जेवण गाळणं सर्वांत धोक्याचं.

वजन जास्त असेल तर ते उतरवण्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात देखरेखीखाली वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षअखेर औषधांशिवाय मर्यादेत आला होता. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. मात्र हे लोक मधुमेह होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेले होते आणि इन्सुलिनवर नव्हते. म्हणूनच वजनाचं काम पुढे ढकलू नये.

५. जोडीच्या नोंदी ठेवा

माझ्या मते या लेखातली सगळ्यांत उपयोगी पायरी हीच. जेवायला बसण्याआधी एकदा शुगर मोजायची आणि पहिल्या घासापासून २ तासांनी पुन्हा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे आणि ताटात काय, किती होतं ते खाली. वहीतली एक ओळ अशी दिसेल:

"दुपार. आधी ११२. दोन वाट्या भात, डाळ, भाजी थोडी. नंतर २०४. बसून होते."

आणि दुसऱ्या दिवसाची:

"दुपार. आधी ११५. एक वाटी भात, डाळ, उसळ, भाजी आणि काकडी भरपूर, भात शेवटी. नंतर १५८. पंधरा मिनिटं चालले."

हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील. पण अशा दोन ओळी समोर असल्या की भात बंद करायचा की त्याचं प्रमाण आणि सोबत बदलायची, हा वाद मिटतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. पदार्थही बदलला, चालणंही वाढवलं आणि नवं चूर्णही सुरू केलं, तर आकडा कशाने उतरला हे कधीच कळणार नाही.

बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आत असं लक्ष्य ठेवतात. वय जास्त असेल, हृदयविकार असेल किंवा शुगर वारंवार खाली जात असेल तर डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात. शेजाऱ्याचं लक्ष्य तुमचं समजू नका.

६. हालचाल

आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, आणि सलग दोन दिवसांहून जास्त खंड नाही. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीतून उठ-बस, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टे. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. त्यामुळे जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरी सकाळच्या फेरीपेक्षाही जेवणानंतरच्या आकड्याला जास्त लागू पडते.

पूर्वमधुमेह असलेल्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंध अभ्यासात (२००२) ७ टक्के वजन घट आणि १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य ठेवणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झालं.

पायांना बधिरपणा असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल तर जड वजनं उचलण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या.

७. घरगुती आणि नैसर्गिक उपाय: कुठे ठेवायचे

वनस्पतींमध्ये ताकद नसते असं मी म्हणणार नाही. मेटफॉर्मिनचाच माग युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीपर्यंत जातो. पण त्या वनस्पतीपासून आजच्या गोळीपर्यंत येताना नेमकी मात्रा ठरली, धोके तपासले गेले. चूर्णाच्या डबीत ते काम झालेलं नसतं. म्हणून हे उपाय आहाराच्या जोडीला ठेवायचे, औषधाच्या जागी नाहीत.

मेथीदाणे: यांत विरघळणारे तंतू भरपूर असतात, त्यामुळे साखर हळू शोषली जाते. परिणाम मर्यादित, पण समजण्यासारखा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

इसबगोल: तत्त्व तेच. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि इतर औषधांपासून काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती नीट शोषली जात नाहीत.

कारलं: भाजी म्हणून उत्तम. रसाबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांसोबत रोज रस घेतला तर शुगर नको तितकी खाली जाऊ शकते.

दालचिनी: स्वयंपाकातली चिमूट ठीक. बाजारात जास्त करून मिळणाऱ्या कॅशिया जातीत कूमरिन नावाचं रसायन असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो.

गुडमार: याचं पान चघळलं की काही वेळ गोड चव लागत नाही. गोडाची ओढ असलेल्यांना त्याचा उपयोग होईलही, पण त्यावर औषध सोडता येत नाही.

सर्वांत मोठा धोका इथे आहे. "शंभर टक्के नैसर्गिक, महिन्यात शुगर नॉर्मल" असं म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि गोळ्यांत मधुमेहाची खरीखुरी औषधं, उदाहरणार्थ ग्लिबेनक्लामाइड, न सांगता मिसळलेली असल्याचं वेगवेगळ्या देशांच्या औषध नियंत्रकांना तपासणीत आढळलेलं आहे. अशा चूर्णाने शुगर झपकन उतरते आणि त्यावर आपली नेहमीची गोळी घेतली की माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाकिटावर घटक, प्रमाण आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ते घरात आणू नका. मूत्रपिंड किंवा यकृताचा त्रास असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर हा सगळा विभाग डॉक्टरांशी बोलेपर्यंत बाजूला ठेवा.

एखादा उपाय करून बघायचाच असेल तर गोळ्या, जेवण, चालणं सगळं तसंच ठेवा, एकच उपाय निवडा, दोन-तीन आठवडे जोडीच्या नोंदी ठेवा आणि वही डॉक्टरांना दाखवा.

८. औषधं, आणि शुगर खाली जाणं

आकडे सुधारले की गोळी स्वतःहून सोडायचा मोह होतो. आकडे सुधारलेत त्यात गोळीचाही वाटा असतो. कमी करायची वेळ आली की डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात, तुम्ही फक्त नोंदी दाखवा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी होतं आणि त्याने येणारा पायांचा बधिरपणा मधुमेहाचाच समजला जातो.

शुगर ७० च्या खाली गेली की हातपाय थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड, एकदम भूक अशी लक्षणं येतात. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांवर असलेल्यांना हा धोका जास्त. जेवणातली कर्बोदकं अचानक कमी केली तरी असं होतं, म्हणून चौथी पायरी सुरू करण्याआधी या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून बघून घ्या.

अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या, म्हणजे साधारण तीन ते चार चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर थोडं खाऊन घ्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज (साखरेचं पचन मंदावणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, तिथे ग्लुकोजच लागतं. दुसऱ्या पायरीतल्या यादीत ग्लुकोज होतं ते यासाठी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. हे घरच्यांना आधीच शिकवून ठेवा.

९. वर्षभराच्या तपासण्या

मधुमेह डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांना वर्षानुवर्षं न दुखता बिघडवतो. त्रास नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं इथे धरून चालत नाही.

- एचबीएवनसी: सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी
- डोळे: टाइप २ मध्ये निदान होताच, मग साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे.
- मूत्रपिंड: वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (३० च्या आत हवं) आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज). फक्त क्रिएटिनिन बघून समाधान मानू नका.
- रक्तदाब: बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत. सोबत वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल.
- पाय: वर्षातून एकदा डॉक्टरांकडून, नायलॉनच्या बारीक दोऱ्याने संवेदना तपासून
- दात-हिरड्या: नियमित. हिरड्यांचा दाह आणि वाढलेली शुगर एकमेकांना खतपाणी घालतात.
- लसी: फ्लू, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस बी यांबद्दल विचारा

पाय मात्र रोज घरीही बघा. रात्री, चांगल्या उजेडात. तळव्याखाली आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यात ओलसर पांढरी झालेली त्वचा, टाचेची भेग, बुटाने उठलेली लाली, नखाच्या कडेची सूज, हे सगळं बघायचं. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा आणि मलम टाचांना लावा, बेचक्यांत नाही. पाणी गरम आहे का ते कोपराने बघा, बधिर पायाला चटका कळत नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना ते तपासा. कुरूप ब्लेडने कापू नका. जखम एक-दोन दिवसांत सुधारली नाही तर दाखवा.

तंबाखू कुठल्याही रूपात चालू असेल तर ती सोडा. पायांच्या रक्तवाहिन्यांचं त्याने होणारं नुकसान कुठल्याही आहाराने भरून निघत नाही.

१०. आजारी पडल्यावर

ताप, जुलाब, उलट्या सुरू झाल्या की न जेवताही शुगर चढते. दर काही तासांनी मोजा आणि पाणी थोडं थोडं पीत राहा. इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही. मेटफॉर्मिन आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागू शकतात, म्हणून त्याच दिवशी फोन करून विचारा. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कडक उपास किंवा कर्बोदकं जवळपास बंद करणारा आहार मनाने करू नये. त्यांच्यात शुगर फार चढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो.

११. डॉक्टरांकडे जाताना

फाइल, वही आणि ग्लुकोमीटर तिन्ही सोबत न्या. लॅबमध्ये रक्त देताना त्याच वेळी आपल्या यंत्रावरही मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा, म्हणजे यंत्र किती पुढे-मागे दाखवतं हे कळेल. भेटीची वेळ थोडी असते, म्हणून प्रश्न आधीच वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: माझं लक्ष्य किती? यातल्या कोणत्या गोळीने शुगर खाली जाऊ शकते? डोळे आणि लघवीची तपासणी शेवटची कधी झाली? आजारी पडले तर कोणतं औषध थांबवायचं? आणि चूर्ण-काढा जे काही घेत असाल त्याची डबीच घेऊन जा आणि टेबलावर ठेवा.